फाटकावरचं चौथं नाव

गेल्या महिन्यात तलावाकाठच्या कॉलनीतून एका मुलीचा फोन आला. बोलणं गोड, वाक्यागणिक आजी म्हणणारी. जुनं फाटक आता काढायचं ठरलंय, म्हणाली; नागझिऱ्याला जाणारे पाहुणे मुक्कामाला येतात, त्यांच्या मोठ्या गाड्या आत शिरत नाहीत. तिथे नवी कमान होईल आणि कमानीशेजारी एक फलक लागेल, जुन्या स्मृतिद्वाराचा इतिहास, दहा ओळींत. "तुम्ही तिथेच लहानाच्या मोठ्या झालात ना आजी, तुम्हीच लिहून द्या." मग म्हणाली, "तीन नावांची माहिती त्यांच्या घरच्यांनी दिली, फोटोसुद्धा मिळाले. चौथे ते चंद्रशेखर, त्यांचं मात्र कुणीच सापडत नाही. तुम्हाला काही आठवतं का?" मी म्हटलं, बघते आठवतं का, आणि फोन ठेवून दिला. इथे कुडव्याला माझा मुलगा सकाळीच स्कूटर काढून दुकानात जातो, सून शाळेत शिकवायला जाते, मला दिवसभर काडीचं काम नसतं. तरी त्या दहा ओळी काही लिहून झाल्या नाहीत. खरं तर हे प्रकरण मी माझ्या आठवणींच्या या पुस्तकातून गाळणारच होते. आता ती मुलगी दर चार दिवसांनी फोन करते, म्हणून बसले लिहायला.

तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. त्याच्या उत्तरेच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून गोंदियाच्या गिरणीवाल्यांनी आणि बिडीपत्त्याच्या व्यापाऱ्यांनी सुटीत येऊन राहण्यासाठी बारा छोटी घरं बांधली होती. ती लोकं त्यांना कॉटेज म्हणत, आम्ही बंगल्या म्हणायचो. बा तिथला चौकीदार आणि माळीही तोच. आम्हाला राहायला दोन खोल्या होत्या, अगदी रस्ता आत वळतो त्या तोंडाशी. तेव्हा फाटक नव्हतं. दोन खुंटांवर एक आडवा बांबू असायचा, गाडी आली की बानं तो उचलायचा आणि गेली की ठेवायचा. पाहुणे नसले की बांबू मायचा व्हायचा, ती त्यावर गोधड्या वाळत घालायची. एकदा एक सेठ न कळवता आले, तर त्यांच्या मोटारीपुढे आमच्या सगळ्या घराच्या गोधड्या. माय म्हणाली, "थांबा सेठजी, वल्ल्या हायेत अजून." आणि सेठ खरंच थांबले होते.

घरात आम्ही चौघं. बा, माय, माझा थोरला भाऊ आणि मी. पाळीखाली आमचा दीड एकराचा तुकडा होता, त्यात धान व्हायचं, धान निघालं की ओलीवर लाखोरी. थंडीत मायच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे असायचे, तलावातले झिंगे असायचे, उकडलेले शिंगाडे असायचे. शिंगाडे सोलून बोटं काळी पडत आणि शाळेत गुरुजी ती काळी बोटं पाहून आधी पट्टी मारत, मग कारण विचारत. पहाटे पाण्यावर बदकांचा कालवा, दुपारी पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि संध्याकाळी भावाच्या वल्ह्याचा. तो आवाज आम्हाला घरात बसून कळायचा. माय तव्यावर भाकर टाकता टाकता म्हणायची, "आला पाय तुहा भाऊ, ताट घे."

भावाचं नाव कचरू. आता हे नाव शहरातल्या लोकांना हसू आणतं, म्हणून सांगते. त्याच्याआधीची मायची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारच्या काकीनं झाडूनं लोटल्यासारखं करून उचललं, आणि मायनं पसाभर कोंडा देऊन तो काकीकडून परत घेतला. फेकलेलं, विकत आणलेलं पोर, नाव कचरू. त्याच्याकडे कोण कशाला पाहील? आमच्याकडे अशी कितीतरी लेकरं होती. लग्नापर्यंत अशा पोराला चांगल्या नावानं हाक मारायची नाही, असा मायचा कडक नेम. मी एकदा लाडानं "राजाभाऊ" म्हटलं तर तिनं हातातलं उलथनं माझ्या पोटरीवर मारलं. "ऐकते तो," म्हणाली. तो म्हणजे कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

कचरू वीस वर्षांचा होता. उंच, काळा, पाण्यात माशासारखा. बंगल्यांच्या पाहुण्यांना नावेतून कमळांपर्यंत फिरवून आणायचं काम तो करायचा. मी तेरा वर्षांची, गावच्या शाळेत सातवीत. शाळेत मला "कचऱ्याची बहीण" म्हणत. मला त्याचा राग यायचा, आणि पोरांवर कमी, भावावरच जास्त यायचा. माझ्या वर्गात कालव्यावरच्या साहेबाचा मुलगा बदलून आला होता, पांढरे मोजे घालणारा. त्याचं नाव चंद्रशेखर. हजेरीत ते नाव आलं की गुरुजींचाही आवाज जरा नीट व्हायचा. मला वाटायचं, नाव असावं तर असं.

त्या वर्षी पोळ्यानंतरच्या रविवारी नाव उलटली. नावेत सात जण होते, दोन बंगल्यांची पाहुणेमंडळी, आणि आठवा कचरू. वारा आला, कुणीतरी घाबरून उभं राहिलं, आणि बाजू बदलली. एवढंच. पाळीवरून पाहणाऱ्यांनी सांगितलं की कचरूनं चौघांना एकेक करून कमळांजवळ रोवलेल्या काठीला आणून लावलं आणि तो पाचव्यासाठी परत गेला. ढिवरांच्या सगळ्या नावा पाण्यात उतरल्या, जाळी टाकली, तळ ढवळून काढला. तीन पाहुणे दुसऱ्या दिवशीपर्यंत सापडले. त्यांच्या घरचे मोटारींतून आले आणि त्यांना घेऊन गोंदियाला गेले. कचरू सापडला नाही. तलाव भरलेला, खाली गाळ आणि वेलींचं जंजाळ. आठ दिवसांनी ढिवरांनी जाळी वाळत घातली आणि बाच्या तोंडाकडे कुणी पाहिना.

माय पाळीवर बसून राहायची. कुणी तेराव्याचं, तेरवीचं, काढलं तर ती म्हणाली, "उन्हाया येऊ द्या, पानी उतरू द्या. काही सापडलं तं करू." तिच्या बोलण्यात तेव्हा आशा नव्हती, हे मला आज कळतं. ती हळूहळू कबूल होत चालली होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं असतं, काही सापडलं असतं किंवा नसतं, पण तिनं तेरवी केली असती, रडली असती आणि मग पुढचे दिवस काढले असते. तिला फक्त थोडा वेळ हवा होता. तो मी मिळू दिला नाही.

बंगलेवाल्यांनी ठरवलं की बुडालेल्यांच्या आठवणीत प्रवेशाला दगडी फाटक करायचं. दोन खांब, लोखंडाचे दोन पल्ले, पल्ल्यांवर कमळं, आणि उजव्या खांबात नावांची फरशी. कचरूचं नावही तीन पाहुण्यांच्या बरोबरीनं घालायचं असं त्यांनी एकमतानं ठरवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ती माणसं मनानं वाईट नव्हती. धान कापणी चालू होती, माय शेतात, बा लोखंडाचं काम बघायला गोंदियाला. मी अंगणात लाखोरी निवडत होते. कॉलनीचं काम पाहणारे म्हातारे बाबूजी कागद घेऊन आले आणि खाटेवर टेकले.

"बेटी, भैया का नाम बता, कारीगर को देना है."

"कचरू."

"वो तो मालूम है. असली नाम? स्कूल का?"

शाळेत तो चौथीपर्यंत गेला होता आणि तिथेही कचरूच होता. बाबूजींनी चष्मा काढून पुसला आणि अगदी मायेनं म्हणाले, "देख, सौ साल रहेगा ये पत्थर. आते-जाते लोग पढ़ेंगे. कचरू पढ़ेंगे तो हँसेंगे. इतना बड़ा काम करके गया लड़का."

आणि मी म्हटलं, "चंद्रशेखर."

"वाह," बाबूजी म्हणाले, आणि लिहून घेतलं.

किती सहज बोलले मी ते. आज सत्तरीत मागे वळून त्या तेरा वर्षांच्या मुलीला एक मुस्कटात द्यावीशी वाटते, आणि मग तिचं तोंड आठवून हात खाली येतो. तिला वाटलं होतं की आपण भावाला काहीतरी देतोय. फेकलेलं नाव सुटलं, आता चांगलं नाव लागलं, आणि आता कुणी हसणार नाही. त्यात थोडी आपलीही सुटका आहे, हेही तिला ठाऊक होतं. मी तिला यातून सोडवत नाही. घरी मी कुणाला सांगितलं नाही. फाटकाच्या दिवशी सगळ्यांना एकदम कळेल, माय खूश होईल, असं मनात मांडे खात होते.

फाटकाचा कार्यक्रम थंडीत झाला. कनात लावली होती, गोंदियाहून खुर्च्या आल्या होत्या. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मायनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती पदर घट्ट धरून बसली होती. कुणीतरी मोठ्या पाहुण्यानं पडदा ओढला आणि बाबूजींनी माईकवर नावं वाचली. फरशी लहान पडली म्हणून आडनावं गाळली होती, नुसती नावं. "स्वर्गीय विनोदकुमार. स्वर्गीय किशोर. स्वर्गीय सरलाबाई. स्वर्गीय चंद्रशेखर." टाळ्या झाल्या. मी मायकडे पाहिलं. ती अजून ऐकत होती. टाळ्या संपल्या तरी ती माईककडेच पाहत होती, पुढचं नाव यायचं होतं तिच्यासाठी. मग तिनं माझा हात दाबला आणि हळूच विचारलं, "झाले का व?"

मी मान हलवली.

"कचरूचं नाही घेतलं?"

तेवढ्यात बाबूजी शाल आणि नारळ घेऊन तिच्यापुढे आले. "माताजी, आपके बेटे की याद में..." माय उठून उभी राहिली. तिनं शाल घेतली नाही. फरशीकडे बोट करून सरळ म्हणाली, "माह्या पोराचं नाव कचरू हाय. तुमच्या गोट्यावर तो नाही." बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी बिचाऱ्यांनी शाल बाच्या हातात दिली आणि मागच्या माणसाला म्हणाले, "सदमे में हैं." तिथे तो विषय संपला. पुढे कुणीही तिला समजवायला गेलं की ती हेच म्हणायची, आणि समजवणारा मान हलवून निघून जायचा.

घरी परत येताना मायच्या चालण्यात काहीतरी बदललं होतं. ती झपझप चालत होती. चुलीपुढे बसली, चूल पेटवली आणि बाला म्हणाली, "तुमी आयकलं ना? चार नावं घेतली. एवढी शिकली-सवरली लोकं, मोटारी फिरवून, पोलिसाईले इचारून, मोजून-मापून गोट्यावर कोरलं त्याईनं. चवथा कोनी पाहुनाच असन. त्याच्यात आपला कचरू नाही."

"अवं पन..."

"मंग कायची तेरवी करता? जित्त्या मानसाची करतेत का?" आणि ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. "म्या म्हनतच होती. फेकलेलं पोर हाय ते, त्याले कोन नेते? वाहून गेला असन कालव्यानं कुठं तरी. डोक्याले मार लागला असन. येईन."

बा उठून बाहेर गेला. बाला अक्षरं लावून वाचता यायचं. तो फाटकापाशी जाऊन बराच वेळ उभा होता, मग मला हाक मारली. "हे नाव कोनं देलं?" मी सांगितलं. वाटलं, आता मार बसणार. त्यानं मारायला हवं होतं. त्यानं फक्त पागोटं काढून हातात धरलं आणि म्हणाला, "आत्ता नोको सांगू तिले. चार दिस जाऊ दे. जेवून राह्यली आज." तिनं खरोखरच त्या दिवशी पोटभर भात खाल्ला होता.

ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. बा दोनदा सांगायला गेला. एकदा तिनं हसून उडवून लावलं आणि एकदा ती आठ दिवस जेवली नाही, म्हणून त्यानंच मग शब्द मागे घेतला, म्हणाला, माहंच चुकलं. माझ्यात तेवढीही हिंमत नव्हती. उलट, दर महिन्या-पंधरवड्याला माय मला फाटकापाशी न्यायची. "वाच बरं." मी एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायची आणि ती बोटांवर मोजायची. चार झाले की समाधानानं मान हलवायची आणि चुलीकडे परत यायची. तिला खात्री करून घ्यायला घरात एकच शिकलेलं माणूस होतं, आणि ते मी होते.

फाटकाचा उजवा पल्ला पहिल्या वर्षापासूनच करकरायचा. बानं तेलाची बाटली आणली तर मायनं ती हिसकावून घेतली. "तेल कायले घालता? आवाज नाही आला तं मले कसं कळन तो आला म्हून?" मग तो पल्ला तसाच करकरत राहिला. बंगल्यांची माणसं चौकीदाराला आळशी म्हणायची आणि बा ते ऐकून घ्यायचा. दर करकरीला माय दाराशी यायची. दूधवाला, पाहुणे, सायकलवरची पोरं, गाई. मी घरात अभ्यास करत असायची आणि कानात बोटं घालून बसायची.

आणि एक गोष्ट. दर वर्षी पोळ्यानंतरच्या त्या रविवारी तीन घरची माणसं मोटारीनं यायची, खांबाला हार घालायची, आपापल्या नावाला कुंकू लावायची आणि जायची. चौथ्या नावाला काही नसायचं. मायनं हे हेरलं. दुसऱ्या वर्षी ती कण्हेरीची फुलं घेऊन गेली, मला म्हणाली, "त्याच्यात चंद्रशेकर कोनता, दाखव." मी दाखवलं. तिनं त्या नावाखाली फुलं ठेवली आणि अक्षरांवरची धूळ पदरानं पुसली. "याची माय लय दूर रायत असन," ती म्हणाली. "नाहीतं गरीब असन, येवाले जमत नसन. कोनीतरी पाहा लागते ना त्याच्याकडं." मी तिच्याशेजारी उभी होते. त्या क्षणी तोंड उघडलं असतं, तर आयुष्यभराचा गुंता सुटला असता. पण सांगून मी काय केलं असतं? एका वाक्यात तिच्या दोन्ही लेकरांना मारलं असतं, जो येणार होता त्यालाही आणि ज्याच्यावर ती फुलं ठेवत होती त्यालाही. मी गप्प राहिले. त्याला मी तेव्हा दया म्हणायची. आता काय म्हणावं ते कळत नाही.

माझ्या लग्नात कानपिळीची वेळ आली, नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. काकांचा मुलगा पुढे झाला तर मायनं त्याला हातानं थांबवलं. कचरूसाठी घेतलेला शेला तिच्या हातात होता. मांडव खोळंबला, भटजी घड्याळ पाहू लागले, वऱ्हाडी कुजबुजू लागले. माय फाटकाकडे पाहत होती. नवरदेवानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, शेवटी स्वतःच वाकून तिच्या पाया पडून म्हटलं, "मामी, भाऊ आले की पिळतीन, उधार राहू द्या." तेव्हा तिनं शेला घडी घालून पिशवीत ठेवला. तो उधार कान घेऊन ते गेलेसुद्धा, पाच वर्षं झाली.

बा गेल्यावर मी मायला कुडव्याला घेऊन आले. तिला यायचं नव्हतं. कचरूनं येऊन पाहिलं आणि घराला कुलूप दिसलं तर? नव्या चौकीदाराला माझा पत्ता लिहून दिला, तेव्हा निघाली. इथे आमच्या गेटला तेल घालतात, आवाज येत नाही, म्हणून ती दिवसभर खिडकीत बसायची. दर वर्षी त्या रविवारी मी तिला तलावावर घेऊन जायची, फुलं ठेवायला. तिचे गुडघे गेल्यावर मी एकटी जायची आणि परत आल्यावर तिला सांगायची की ठेवली.

तिचे शेवटचे दिवस पावसाळा सरताना होते. दुपारची वेळ, मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. दोन दिवस ती फारशी बोलली नव्हती. तिनं चमचा हातानं बाजूला केला.

"तो चंद्रशेकर," ती म्हणाली.

"काय माय?"

"त्याच्या मायले कोनं सांगतलं का व? का ती अजून वाट पाहून राह्यली?"

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. पन्नास वर्षं जे वाक्य मी तोंडात धरून होते, ते तेव्हाही तिथेच अडलं. मी फक्त म्हटलं, "नाही माय. कोनंच नाही सांगतलं तिले."

माय खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सांगा लागत होतं बाई. एखाद्यानं तरी सांगा लागत होतं बिचारीले."